गादीबाईंचा हिरवा ट्रेलर

बसच्या सीटा शिवण्यात गादीबाईंची एकतीस वर्षं गेली. फाटक्या सीटांची बस वर्कशॉपात आली की जुनं रेक्झिन उसवायचं, दबलेला स्पंज काढायचा, नवं कव्हर ताणून बसवायचं. त्यांच्या हातची सीट कुणीही ओळखावी: टाका सरळ, कोपरा घट्ट. म्हणून तर वर्कशॉपात सगळे त्यांना गादीबाई म्हणत. पण आपण शिवलेल्या सीटवर बसून चार दिवस कुठे लांब जावं, हे मात्र कधी घडलं नाही. कारण घरी ताई होती.

ताई अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच धाकटीला वाढवलं. हॉस्पिटलात नर्स होती. रिटायर झाली आणि पाठोपाठ साखर वाढली. फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या बाटल्या आल्या. तेव्हापासून बाहेरगावचा विषय निघाला की ताईचं एकच उत्तर, "जाऊ की. पण माझं इन्सुलिन गार कोण ठेवणार?" झालं, विषय मिटला. ताईला एकटं टाकून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

रिटायर झाल्यावरही गादीबाईंचं मशीन थांबलं नव्हतं. खुर्च्यांची कव्हरं, गाड्यांच्या ताडपत्र्या असं काहीबाही चालू असे. एकदा लष्कराच्या डेपोत जुन्या सामानाचा लिलाव होता. जाड कापड स्वस्तात मिळेल म्हणून त्या गेल्या. कापड मिळालं ते अगदीच विटकं. पण कुंपणाशी एक लष्करी हिरवा ट्रेलर उभा होता. दोन चाकं, लोखंडी हौदा, वर फाटकं ताडपत्रीचं छत, आणि अंगावर पांढऱ्या रंगात कुठलासा नंबर. एक भंगारवाला हातोडीने पत्रा ठोकून बघत होता.

"काय करणार याचं?" गादीबाईंनी विचारलं.

"कापणार. दुसरं काय?"

गादीबाईंनी हौद्यात डोकावून पाहिलं. दोन सीटा समोरासमोर, मध्ये एक फळी. डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. बोली लागली तेव्हा भंगारवाल्याच्या आधी त्यांचा हात वर गेला.

शेजारचे वायरमनभाऊ आपली जुनी जीप घेऊन ट्रेलर ओढायला आले आणि तिथेच घोडं अडलं. ट्रेलरच्या दांडीला मनगटाएवढं जाड कडं, जीपच्या मागे लोखंडी गोळा. दोघांची सोयरीक काही केल्या जमेना.

"बाई, हा हत्ती घेतलात तो घेतलात, अंकुश तरी बघायचात!" वायरमनभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले. शेवटी टेम्पोत घालून ट्रेलर अंगणात आणला. ताईने दारातून एकदा पाहिलं आणि विचारलं, "हे काय, रणगाड्याचं पिल्लू?"

पुढचे सात महिने अंगणात नुसती ठोकाठोक. हौद्याचा तळ गंजून चाळणी झाला होता. वेल्डरने नवा पत्रा जोडला आणि जाता जाता दांडीचं कडं कापून जीपला बसेल असं तोंडही लावून दिलं. पहिल्यांदा रस्त्यावर काढला तर रिकामा ट्रेलर बेडकासारखा उड्या मारू लागला. टनभर ओझ्यासाठी केलेल्या स्प्रिंगा त्या, दोन म्हाताऱ्यांच्या वजनाला कशाला जुमानतील! वायरमनभाऊंनी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचे दोन-दोन लोखंडी पाटे काढून टाकले, तेव्हा कुठे तो माणसात आला.

छताचं काम गादीबाईंचंच. जुनी ताडपत्री त्यांनी टाका न् टाका उसवली, अंथरली आणि तिच्यावरून नवं छत बेतलं. दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, वरून गुंडाळायचे पडदे. दिवसा बसायला दोन बाक, फळी खाली केली की सलग बिछाना. सगळं मापात बसलं, फक्त एक माप घ्यायचं राहिलं: ताईचं. ताई आडवी झाली आणि तिचे पाय गुडघ्याखाली बाहेर.

"एकतीस वर्षं सीटा शिवल्यास," ताई झोपल्या झोपल्या म्हणाली, "म्हणून माणसं बसलेलीच असतात असं वाटतं तुला."

गादीबाईंना हसावं की रडावं कळेना. दोन दिवस त्या ट्रेलरभोवती नुसत्या घिरट्या घालत होत्या. मग त्यांनी मागचा फळका साखळ्यांवर आडवा सोडला, त्यावर गादीचा तुकडा टाकला आणि छताला मागच्या बाजूने कापडाची एक खोळ शिवली. ताईच्या पायांना स्वतंत्र खोली मिळाली.

आणि फ्रिज. खरं तर सगळा खटाटोप त्यासाठीच होता. बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज, टपावर सोलरचं पॅनेल, बाकाखाली बॅटरी आणि तिच्याशेजारी हिरव्या दिव्याचं एक छोटं यंत्र. वायरमनभाऊंनी वायर ओढताना गादीबाईंना बजावून सांगितलं, "बॅटरी फार उतरली की हे यंत्र आपणहून फ्रिज बंद करतं. हिरवा दिवा गेला की समजायचं."

पाण्याची टाकी भरली, शेगडी बांधली आणि एका सकाळी तिघं जीपने निघाले. गाव मागे टाकून दोन तासांवर एक तलाव होता. वायरमनभाऊंनी पॅनेलला ऊन मिळेल असा झाडाशेजारी ट्रेलर लावला, चाकांना दगड लावले, "चौथ्या दिवशी न्यायला येतो," म्हणाले आणि गेले.

पहिला दिवस उन्हाचा. फ्रिज मांजरासारखा गुरगुरत होता. गादीबाई दर तासाला झाकण उघडून बाटलीला हात लावून बघत. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं ते दिवसभर हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो हिरवा दिवा गेलेला.

फोनला रेंज नाही. त्यांनी पायात चपला सरकवल्या, पिशवी घेतली.

"कुठे निघालीस?"

"रस्त्यावर. एखादी गाडी थांबवते. कुठेतरी बर्फ मिळेल."

"बर्फ कशाला?"

"अगं, तुझं इन्सुलिन! फ्रिज बंद पडलाय!"

ताई खुर्चीत बसून तलावाकडे बघत होती. तशीच म्हणाली, "बस इथं. सुरू केलेली बाटली सावलीत, गारव्याला महिनाभर टिकते. ओल्या फडक्यात गुंडाळून झाडाखाली ठेव, पुरे."

गादीबाई उभ्याच राहिल्या. "मग इतकी वर्षं—"

"इतकी वर्षं मी खोटं बोलले." ताईची नजर पाण्यावरून हलली नाही. "हॉस्पिटल सुटलं आणि माझं सगळं बळच गेलं. तिथं मी एका हाकेवर वॉर्ड हलवायची. बाहेर मला कोण ओळखणार? कुठे चक्कर आली, पडले तर? भीती वाटते असं धाकट्या बहिणीला सांगायचं कसं? बाटलीचं नाव पुढे केलं. तू लगेच गप्प बसायचीस, मग तेच बरं पडलं."

गादीबाईंना राग यायला हवा होता. आलाही, तलावापर्यंत जाऊन येईस्तोवर टिकला. तोंडावर पाणी मारून परत आल्या तर ताई स्वतःच फडकं भिजवून पिळत होती. नर्सचे हात ते. एक थेंब इकडे तिकडे नाही.

"आता वाटते का भीती?"

"काल सकाळपर्यंत वाटत होती," ताई म्हणाली. "पण पायांना खोली करून देणारी माणसं सोबत असली की जरा कमी वाटते."

दुपारी ऊन पडलं, फ्रिज पुन्हा गुरगुरायला लागला. दोघींपैकी कुणीही उठून बघितलं नाही. ताई काठाने चालत पार वळणापर्यंत गेली. येताना पदरात गुळगुळीत खडे घेऊन आली आणि ते फळीवर ओळीने मांडत बसली.

चौथ्या दिवशी ठरल्याप्रमाणे जीप आली. वायरमनभाऊ उतरून चाकांचे दगड काढायला वाकले, तेवढ्यात ताई म्हणाली, "भाऊ, राहू द्या ते. आणखी तीन दिवस आहोत आम्ही."

"आणि मी इतक्या लांबून रिकामा जाऊ?"

"रिकामे कशाला? चहा पिऊन जा," गादीबाई म्हणाल्या. "आणि परवा इकडे फिरकलात तर पाव, कांदे आणि ताईला वाचायला काहीतरी घेऊन या."

वायरमनभाऊंनी चहा घेतला, एकदा पॅनेलवरची धूळ पुसली, एकदा बॅटरीच्या तारा ओढून बघितल्या आणि पुटपुटत परत गेले. दोन दिवसांनी ते आले ते पाव, कांदे आणि स्वतःची एक घडीची खुर्ची घेऊन.