लोणच्याच्या नंबरावर आलेले सासरे

सामाईक सूचीत एकच आयएसबीएन नंबर असलेल्या दोन नोंदी दिसल्या आणि मी त्या एका क्लिकमध्ये एकत्र करून टाकल्या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आम्हा काही वाचनालयांची सूची एकच. तिच्यातल्या दुबार नोंदी काढायचं काम माझ्याकडे. नंबर एक म्हणजे पुस्तक एक, असं ठरवून चहाला गेलो. शीर्षकं वाचायची तसदी घेतली नाही. चहा मात्र चांगला होता.

पुढच्या आठवड्यात एका बाईंनी लोणच्यांचं पुस्तक मागवलं. कल्याणहून पुस्तकांची पिशवी आली आणि तिच्यातून माझे सासरे निघाले.

म्हणजे त्यांचं पुस्तक. कोपरीकडच्या मिठागरांवर त्यांनी लिहिलेलं, एकुलतं एक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मलपृष्ठावरचा फोटो मात्र ह्या माणसाला मुलगी द्यावी की नाही, ह्याच विचारात अजून. मी कल्याणच्या सहकाऱ्याला फोन लावला.

"अहो, लोणचं मागवलेलं, तुम्ही मीठ पाठवलंत!"

"साहेब, स्क्रीनवर जो दाखल क्रमांक आला तो काढला. नाव कशाला बघत बसू?"

पुस्तक परत पाठवलं. पुढच्या पिशवीत पुन्हा तेच. मग पुन्हा. हयातीत ज्यांचं पुस्तक कुणी मागितलं नाही, ते आता दर पिशवीतून येऊन काउंटरवर बसत. पालथं ठेवावं तर फोटो वर, उताणं ठेवावं तर नाव. घरी काही बोललो नाही.

बायकोची एक सवय आहे. मन कशात लागेनासं झालं की मोबाइलवर आमची सूची उघडते आणि वडिलांचं नाव टाकते. 'कल्याण, उपलब्ध' एवढं दिसलं की फोन खाली. घरातली प्रत कुणीतरी वाचायला नेली ती गेलीच. उरलेली ती एकच. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बाबा नाहीयेत."

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलेलं, ह्याच आवाजात.

सकाळी सूचीसमोर बसलो तेव्हा उलगडा झाला. प्रकाशकानं लोणच्यांच्या पुस्तकाचाच नंबर सासऱ्यांच्या पुस्तकावर छापला होता. मी जोडलेल्या नोंदीत नाव लोणच्यांचं राहिलं, सासऱ्यांचं गेलं. आपल्याकडे हे नवं नाही, आणि म्हणूनच जोडण्याआधी नाव बघायचं असतं. लोणच्यांच्या प्रती कायम बाहेर. त्यामुळे प्रत्येक मागणी कल्याणच्या कपाटात निवांत बसलेल्या ह्यांनाच उठवत होती. दोन्ही नोंदी पुन्हा वेगळ्या केल्या. नंबर पुसला नाही, पुस्तकावर छापलाय तो. फक्त 'चुकीचा' म्हणून निराळ्या रकान्यात ठेवला. तिथे तो दिसतो, पण जुळवणीत धरला जात नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं, पिशव्यांसकट. तिनं नाव टाकलं. कल्याण, उपलब्ध.

"म्हणजे आता ते येणार नाहीत?"

"कुणी मागवल्याशिवाय नाही."

"मग मीच मागवते," ती म्हणाली. "घरी घेऊन या त्यांना."