अमावास्येची तपासणी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत जानेवारी लागला की आयांना शाळांचा ताप चढतो. जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी एकच विषय. कुठे कुठला बोर्ड, कुठे पोहण्याचा तलाव, कुणाच्या बसला पडदे. परवा एकीने लिफ्टमध्ये मला विचारलं, "काकू, दोन शाळांची तुलना करायची तर नेमकं बघायचं काय?" बिचारीला चौथ्या मजल्यावर दार धरून उभं राहावं लागलं, कारण या विषयातली मी जाणकार आहे. मी नऊ वर्षांची असताना जिल्हा परिषदेच्या दोन शाळांची तुलना एका साहेबांसमोर झाली होती आणि ती घडवून आणली होती मी.

आता दिव्याच्या आसपास जिथे बिल्डिंगा एकमेकींना खांदा लावून उभ्या आहेत, तिथे तेव्हा भातखाचरं आणि खाडी होती. दोन गावं, मधे मातीचा बांध. पलीकडच्या गावात चार खोल्यांची शाळा, पितळेची घंटा, कपाटात पृथ्वीचा गोल. आमच्याकडे दोन खोल्या आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. शिक्षक दोन. हेडगुरुजी घाटावरचे आणि दुसरी माझी आई. आई पक्की ठाण्याची, माजिवड्याच्या पलीकडे माहेर. अंडंसुद्धा न शिवणारी, पण खाडीकाठी खोली घेऊन राहिलेली.

त्या वर्षी कुजबुज सुरू झाली की आमच्या शाळेत मुलं टिकत नाहीत, दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार. दुसरी शिक्षक म्हणजे आई. जागा गेली तर बदली थेट मोखाड्याकडे, डोंगरात. बाबांची नोकरी ठाण्यात. म्हणजे घर मोडणार, हे मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं.

साहेब तपासणीला येणार ठरलं. दोन्ही शाळा एकाच दिवशी, सकाळी पलीकडची, दुपारी आमची. दिवस कुठला, ते त्यांनी आमच्या शाळेवर सोडलं. आईने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं आणि बोट ठेवलं अमावास्येवर.

"अमावास्येला कोणी नवं काम काढत नाही," ती गुरुजींना म्हणाली. "लोक घरी असतात. मुलं नक्की शाळेत येतील."

गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्या गावी अमावास्येला बैलसुद्धा जुंपत नसत. दोघांना मिळून खाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. गावातल्या कुठल्याही कोळणीला विचारलं असतं तर ती पोट धरून हसली असती. अमावास्येला उधाण. दुपारनंतर पाणी सरसर ओसरतं, चिखल उघडा पडतो आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, हाताने वेचाव्यात इतक्या मिळतात. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर शाळेत परत येतो तो वेडा.

मधली सुट्टी संपली. आईने रूळ वाजवला. आत आलो सहा जण, त्यातली एक मी. आईचा चेहरा खडूसारखा झाला. गुरुजी साहेबांना आणायला गेले होते आणि सरपंचांकडे चहा चालला होता.

मग मी आईला न विचारता बांधावरून पलीकडे पळाले. तिथली तपासणी सकाळीच उरकलेली, तिथले गुरुजी खुर्चीत घोरत होते. मी खिडकीतून हाक मारली, "आमच्याकडे बसायला येता का? साहेब येतायत." अकरा पोरं उडी मारून बाहेर. साहेबांच्या आधी आम्ही वर्गात पोचलो. आईने ओळखलं, ओठ आवळले आणि फळ्याकडे तोंड केलं.

साहेब आले. वर्ग बघून खूश. मग पहिल्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीपाशी थांबले.

"तू सकाळी कविता म्हणून दाखवलीस ना? त्या शाळेत?"

"हाव साहेब."

"मग इथे काय करतेस?"

ती जराही डगमगली नाही. "ही पण शाळा बघाया आले. तुमच्यावानी."

आमच्या हेडगुरुजींनी भिंतीला हात टेकला. साहेबांनी चष्मा काढला. "बरं. बघितलीस? कुठली चांगली?"

"आमची मोठी हाय. गोल हाय. पण गुरुजी हात लावू देत नाय. आणि धडा वाचता वाचता झोपतात. ह्या बाय गोष्टीतल्या राक्षसाचा आवाज काढतात. आमचे गुरुजी कल्याणला गेले का आम्ही इथं खिडकीत येतो."

साहेबांनी हळूच विचारलं, "बाई, तुमची मुलं कुठे आहेत?"

आई खोटं बोलली नाही. हजेरीपट काखेत मारून ती बाहेर पडली, मागे साहेब, मागे आम्ही सगळे. बांधावर उभं राहिल्यावर दिसली आमची शाळा, गुडघाभर चिखलात, पाठी वर करून. आईने पट उघडला आणि एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. खालून "हजर बाय, हजर बाय" येऊ लागलं. एकजण ओरडला, "हजर, पण हात वर करता येत नाय, चिंबोरीनं धरलाय."

साहेब वाळलेल्या चिखलावर बसले आणि खो खो हसले. मग आईला म्हणाले, "पट भरलेला, वर्ग रिकामा. हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"खरं असेल ते लिहा," आई म्हणाली.

त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं: परिसर अभ्यास, प्रत्यक्ष. आईची जागा राहिली.

तेव्हापासून अमावास्येला आमची शाळा सकाळची भरू लागली. तसा लेखी हुकूम कुठे नव्हता, कोणी मागितलाही नाही. आईने तिथून बदली घेतली ती माझी दहावी झाल्यावर, स्वतः अर्ज करून. तोवर तिला भरती-ओहोटी तिथीवरून सांगता यायची आणि मुलांनी दाराशी आणून ठेवलेल्या जिवंत चिंबोऱ्या ती न किंचाळता शेजारणीकडे पोचवायची.