पुसलेली खुर्ची

करुणा वाघमारे इथे परदेशात, क्वेकर्स हिल या उपनगरात राहते, एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, शिफ्टला जाते. लॉकडाऊनमध्ये आमचं मराठी मंडळ अध्यक्ष प्रल्हादभाऊंच्या गॅरेजमधून जेवणाचे डबे वाटायचं. तिथे करुणाने शेजारच्या मर्लआँटींनाही बोलावलं. त्या इथल्या मूळच्या दारुग आदिवासी लोकांमधल्या वडीलधाऱ्या. आँटी खुर्चीवरून उठल्या आणि भाऊंनी तेवढीच खुर्ची सॅनिटायझरने पुसली. बाकीच्या खुर्च्यांवर जणू करोना बसतच नव्हता. आपली आजी उठल्यावर गावात लोकांनी ओटा धुतलेला करुणाने लहानपणी पाहिला होता.

पुढच्या मे महिन्यात मंडळाने मूळ रहिवाशांशी सलोख्याचा कार्यक्रम ठरवला, कौन्सिलचे पाहुणे बोलावले. अशा वेळी स्वागत त्या भूमीच्या वडीलधाऱ्यांनीच करायचं, ही इथली रीत. भाऊंनी करुणाला फोन केला.

"तुझ्या त्या आँटीला आण गं. दहाच मिनिटांचं काम आहे."

"आणि नंतर खुर्ची कोण पुसणार?"

भाऊंनी हसण्यावारी नेलं. आँटींनी यायला नकार दिला. करुणा मात्र गेली, पहिल्या रांगेत बसली. पाहुण्यांनी आँटींची चौकशी केली तेव्हा भाऊ म्हणाले, "त्यांना बरं नाहीये."

करुणा उठली. "ठणठणीत आहेत त्या," म्हणाली, आणि खुर्चीची हकीकत तिने सावकाश, इंग्रजीतून सगळ्यांना सांगितली. क्षमा करावी असं मी रोज पोथीत वाचते, पण तिला खाली बस म्हणायला माझी जीभ वळली नाही.

बाहेर भाऊंनी तिला गाठलं. "वर्षभर एवढं डोक्यात ठेवलंस?"

"माफी आँटींच्या दारात जाऊन मागा," ती म्हणाली. "त्यांनी केलं माफ, तरी मी डोक्यात ठेवणार आहे."