हॉप्सचे मळे आणि एकरभर शाळू

सप्टेंबरातल्या एका शनिवारी जर्मनीतल्या न्युरेम्बर्गहून, माझ्या नोकरीच्या गावाहून, जवळच्या स्पाल्टला निघालो, तेव्हा फोटो काढून दादाला पाठवायचे एवढाच बेत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माण तालुक्यातलं आमचं तीन एकर रान तोच करतो. यंदा सगळ्या रानात टोमॅटो लाव, एकच पीक नीट घेतलं तरच गरिबी हटेल, असं मीच त्याला सांगितलं होतं. घरातला पहिला पदवीधर मी. माझा शब्द सहसा कोणी मोडत नाही, आणि मलाही त्याची सवय झालेली.

आधी रेल्वे, मग बस. उतारांवर हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणारी वेल) मळे लागले. उंच खांब, तारा आणि दुमजली घराएवढ्या चढलेल्या वेली. बसमधून तरी दुसरं पीक दिसेना. मी फोटो काढत सुटलो.

इंगेबाई आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतात. आपल्या मळ्यातली काढणी बघायला त्यांनीच बोलावलं होतं. साठीला टेकलेल्या, हातांवर वेलींचे ओरखडे. हॉप्स वाळवायच्या माळ्यावर त्या मला घेऊन गेल्या. हिरव्या बोंडांची रास दिसली आणि मी दारातच बूट काढले. आमच्याकडे खळ्यात पायताण घालून कोणी जात नाही. पाय दुखतात का, असं त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. खाली खिळे असतात, बूट घाला, म्हणाल्या आणि हसल्या. पण त्यानंतर त्या माझ्याशी शेतकऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागल्या.

जेवायला उकडलेले बटाटे आणि क्वार्क (आपल्या चक्क्यासारखं). बटाटे घरामागच्या तुकड्यातले. एवढ्या चांगल्या जमिनीत हॉप्स का नाहीत, मी विचारलं. सासऱ्यांनी एकदा लावले होते म्हणे, अगदी दारापर्यंत. त्या वर्षी गारपीट झाली, वेली तारांसकट खाली आल्या आणि बाई आमच्या कंपनीच्या कारखान्यात लागल्या. त्या अजून तिथेच आहेत.

"मला वाटलं, शेती तुमची हौस आहे," मी म्हणालो.

"हौस कसली? नोकरी शेताला पोसते. हॉप्स विकता येतात, खाता येत नाहीत. त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी बटाटे दिले. घेताना सासरे मान वर करत नव्हते."

परतीच्या बसमधून दादाला फोन लावला. टोमॅटोची रोपं परवा येणार होती. एक एकर शाळूला (रब्बी ज्वारी) ठेव, म्हटलं.

"हे कळायला जर्मनीला जावं लागलं व्हय? आई महिनाभर तेच म्हणतीया."

माझं चुकलं, असं मी म्हणालो. हे वाक्य दादाशी याआधी कधी बोललो असेन, असं आठवत नाही.

"ठेवतो एकर. पण आईला तू सांग. शिकलेल्याला कळतंय, तू गप बस, असं बोललोय मी तिला."

गरिबीवर मी कॉलेजात निबंध लिहिलेत, बक्षिसंही घेतलीत. आमच्या रानात काय पेरावं हे जाणणारं माणूस घरातच होतं आणि ते माझ्या शब्दानं गप्प झालं होतं, हे मात्र न्युरेम्बर्ग स्टेशनाबाहेर उभं राहून आईचा नंबर लावताना कळलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं मलाच विचारलं, "बियाणं कुठलं घेऊ रं?"

"ते तुला ठाऊक," मी म्हणालो.