ताकदीच्या गोळ्या

साहेबरावच्या पायातली चप्पल गेली आणि साहेबरावला पत्ता लागला नाही. आता बोला!

सकाळी पावणेआठला व्हॅन शाळेच्या फाटकापाशी थांबली. अकरा लेकरं दप्तरं ओढत उतरायला लागली. पुढच्या सीटवर बसणारी पायल, दुसरीतली पोर, खाली वाकून म्हणाली, “काका, तुमची एक चप्पल कुठंय?”

त्यानं पाहिलं. डाव्या पायात चप्पल, उजवा उघडा.

“घरी राह्यली असंल,” तो हसून म्हणाला. पायलचं तेवढ्यानं समाधान झालं. त्याचं कुठून व्हायचं? घरून निघताना दोन्ही चपला होत्या, हे त्याला बराबर आठवत होतं. म्हणजे मधल्या एखाद्या वस्तीवर तो लेकरं चढवायला उतरला, तिथं चप्पल निसटली, खड्यांवरून तो उघड्या पायानं चालत परत गाडीत बसला, आणि पायानं त्याला काही सांगितलंच नाही. तळपाय वर करून बघितला तर टाचेला चीर पडून रक्त आलेलं. दुखत मात्र काहीच नव्हतं.

साहेबरावचं वय चोपन्न. सातवीत शाळा सुटली तेव्हा ट्रॅक्टर धरला, मग वीस वर्षं जालन्याच्या कारखान्यांतल्या लोखंडी सळया ट्रकवर लादून गावोगाव पोचवल्या. पोरीचं लग्न झाल्यावर बायको प्रभावती म्हणाली, आता लांबचं बस्स. मग व्हॅन घेतली. राजूरच्या आसपासच्या वस्त्यांवरची लेकरं शाळेत न्यायची आणि आणायची. त्याच्या गाडीत लेकरू बसवलं की आया निवांत भाकरी थापायला बसत. दारू नाही, तंबाखू नाही. विहारात वंदनेला पहिल्या ओळीत, आणि तिथं जे तोंडानं बोलायचं ते बाहेर आल्यावर पाळायचं, असा बाण्याचा माणूस. सहा वर्षांत त्यानं एका लेकराला खरचटू दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट तो चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगायचा!

मुंग्या यायला लागल्या त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. पहिल्यांदा बोटांना, मग तळव्याला. बसून बसून असंल, म्हणून त्यानं महिनाभर सोडून दिलं. मग अर्पितशेठच्या मेडिकलवर गेला. अर्पितनं विचारपूस केली, एक पाकीट काढून दिलं, म्हणाला, “नसांची ताकद कमी झाली काका. ही ताकदीची गोळी. रोज एक घ्या.”

घेतली. बरं वाटलं. आता माणसानं तिथं थांबावं की नाही? पण एका गोळीनं एवढं बरं वाटतं तर दोननं किती वाटंल, असा त्याचा हिशोब. थोड्या महिन्यांनी मुंग्या परत आल्या, तेव्हा दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार. साडू भिवा ताकदीच्या पावडरचे डबे विकायचा, त्यानं एक डबा गळ्यात मारला. रोज दोन चमचे दुधातून. वर दर शनिवारी गावातल्या दवाखान्यात लाल इंजेक्शन. दिवाळीपर्यंत मुंग्या थांबल्या. साहेबराव खुश! मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की मुंग्याच न्हाई, पायच कळून राह्यले न्हाईत. मोजे घातल्यासारखे, आणि मोजे तर त्यानं जन्मात घातले नव्हते. त्यानं पाचवी गोळी सुरू केली.

हे प्रभावतीला अर्धं ठाऊक होतं. गाडीचं तर तिला अजिबात ठाऊक नव्हतं. दिवाळीपासून तो पेडलकडं डोळ्यांनी बघून पाय ठेवत होता.

चप्पल गेली त्याच आठवड्यात संकष्टी आली. राजूरला गणपतीच्या दर्शनाला ही गर्दी! दुपारी लेकरं घेऊन तो परत येत होता. नारळाच्या हातगाड्यामागून एक बाई कडेवर लेकरू घेऊन आडवी आली. साहेबरावनं ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं त्याला वाटलं. गाडी पुढंच. पुन्हा दाबला, गाडी पुढंच! खाली बघितलं तर पाय ब्रेकच्या शेजारी नुसत्या पत्र्यावर रेटलेला. त्यानं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. बाईच्या लुगड्याला बंपर घासला आणि गाडी थांबली. बाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मागं लेकरं झोक्यावर बसल्यासारखी खिदळली. साहेबरावनं खाली वाकून हातानं पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला. बाईची माफी मागायचंही त्याला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी तो प्रभावतीला एवढंच म्हणाला, “उद्या रविवार आहे. जालन्याला मोठ्या डॉक्टरला पाय दाखवू.”

डॉक्टर कनिका नसांच्या आजारांच्या तज्ज्ञ, वयानं तरुण. त्यांनी त्याला झोपवलं, डोळे मिटायला लावले. चिमट्यासारखा एक लोखंडी काटा ठोकून थरथरता केला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. “थरथर कळते का काका?”

“हो,” साहेबराव म्हणाला.

“आणि आता?”

“कळती ना. बराबर कळती.”

“काका,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आत्ता मी काहीच टेकवलेलं नाही.”

तो डोळे उघडून छताकडं बघत राहिला. लाजेनं कान तापले. विहारात रोज खोटं न बोलण्याचा नेम म्हणणारा माणूस, आणि बायकोच्या देखत चोरी पकडली गेली!

साखर बघितली, नॉर्मल. रक्तातलं बी-ट्वेल्व बघितलं, कमी असायच्या ऐवजी काठोकाठ. दारू? आयुष्यात शिवला नाही. काही औषधं चालू आहेत? “बिलकुल न्हाई,” साहेबराव म्हणाला, आणि ह्या खेपेला तो मनापासून खरं बोलत होता. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. काम काय करता?

साहेबरावचा हात खिशातल्या गाडीच्या किल्लीवर गेला.

“शेती,” साहेबराव म्हणाला.

प्रभावतीनं त्याच्याकडं बघितलं.

डॉक्टर लिहायला लागल्या. कारण सापडत नाही, संभाजीनगरला जाऊन नसांची तपासणी करावी लागेल, पाठीतलं पाणीही काढावं लागेल कदाचित, काही आजार मोठे असतात. प्रभावतीचा चेहरा उतरला. दाराशी गेल्यावर ती मागं फिरली. “म्याडम, तवर ह्यांच्या ताकदीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?”

कनिकांचा पेन थांबला. “कसल्या गोळ्या?”

प्रभावतीनं पिशवी टेबलावर उपडी केली. पाकिटं, डबा, इंजेक्शनच्या चिठ्ठ्या. डॉक्टरांनी एकेकावरचं बारीक अक्षर वाचलं, कागदावर आकडे मांडले, बेरीज केली. मग कपाळाला हात लावला.

“अहो, मी विचारलं ना, औषध चालू आहे का म्हणून!”

“ते औषध कुठं आहे म्याडम?” साहेबराव चकित होऊन म्हणाला. “ते ताकदीचं आहे.”

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. ह्या सगळ्यांत बी-सिक्स नावाचं जीवनसत्त्व आहे. नसांना ते लागतंच, पण चिमूटभर. बी-ट्वेल्व जास्त झालं तर सहसा बिघडत नाही, हे मात्र बिघडवतं. पसाभर झालं की ज्या नसा जगवायच्या त्यांनाच मारतं. कमी पडलं तरी पाय बधिर, जास्त झालं तरी पाय बधिर, म्हणून माणूस फसतो. “पहिल्यांदा तुम्हाला खरंच काहीतरी कमी असेल. महिना-दोन महिन्यांची गोळी पुरली असती. तुम्ही दीड वर्षात वाढवत वाढवत पाचपट केलं.” बी-सिक्स किती आहे ते मोजायला त्यांनी रक्त मुंबईला पाठवायचं ठरवलं, पण त्यांना शंका फारशी नव्हती. “आजपासून सगळं बंद. थोडे आठवडे उलट वाढल्यासारखं वाटेल. घाबरून परत सुरू करू नका. मग हळूहळू पाय परत येतील. किती येतील, ते आज सांगता येत नाही. आणि काका, शेतात अनवाणी जाऊ नका.”

“न्हाई जाणार,” शेतकरी साहेबराव म्हणाला.

परतीच्या एसटीत प्रभावती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काय होतं बघायला? कापूस वेचून झालेली उघडी रानं. अर्ध्या वाटेवर ती बोलली.

“तुम्ही शेती कवापासून करायला लागले?”

तो हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिला.

“त्या नारळवाल्यापाशी काय झालं ते मला कळलं न्हाई असं समजले का? बाजारातून आलेल्या दोन बायांनी सांगितलं मला. वाट बघून राह्यले होते मी, हा माणूस आपण होऊन सांगतो का म्हणून.”

“महिन्या-दोन महिन्यांचाच सवाल आहे,” तो म्हणाला. “डोळ्यानं बघून चालवतो मी. आता गोळ्याबी बंद. परीक्षा जवळ आल्या, लेकरं कुठं जातील?”

“आपल्या पोरीचं लेकरू असतं त्या गाडीत,” प्रभावती म्हणाली, “तर बसवलं असतं का?”

त्याला तिचा राग आला, भयंकर राग आला. कारण उत्तर त्याला माहीत होतं. त्या गाडीशिवाय तो कोण होता? पाय गेलेला एक माणूस, बस्स.

सोमवारी सकाळी सहाला त्यानं किल्ली उचलली. प्रभावती चुलीपाशी होती. तिनं ना अडवलं, ना वर बघितलं. तो गाडीत बसला. ब्रेककडं न बघता उजवा पाय टाकला, मग खाली वाकून बघितलं. पाय ॲक्सिलेटरवर होता. पुन्हा टाकला. ब्रेकवर. पुन्हा टाकला. पत्र्यावर.

त्यानं किल्ली काढून घेतली आणि मोबाईलमध्ये पहिला नंबर लावला. पायलच्या आईचा, शालूचा.

“निघाले का काका? पायल तयारच आहे.”

“ताई, मी येऊन न्हाई राह्यलो. आज न्हाई, उद्याबी न्हाई. दुसरी गाडी बघा.” “माझे पाय मला कळत न्हाईत. ब्रेक लागला का न्हाई ते कळत न्हाई.”

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

“कवापासून?” शालूनं विचारलं.

काल डॉक्टरांपुढं आली होती तशी एक सोपी थाप त्याच्या जिभेवर आली. परवापासून, म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

“दिवाळीपासून,” साहेबराव म्हणाला.

मग ती म्हणाली, “माझी पोरगी तुमच्या बाजूला बसती, काका. पुढं. काचेपाशी.”

“हो ताई.”

फोन कट झाला. अजून दहा घरं बाकी होती. त्यानं दुसरा नंबर लावला.