देऊळवाडकर काका

इंग्रज माणूस मितभाषी असतो असं मला लग्नापूर्वी कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा आमच्या ह्यांच्या साहेबाला भेटलेला नव्हता, हे उघड आहे.

हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत टेक्निशियन आणि मी कुवेतच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स. साहेब साठीला टेकलेला, बायको इंग्लंडात. अधूनमधून आमच्या फरवानियाच्या फ्लॅटवर जेवायला यायचा आणि पानात भात पडायच्या आत स्वतःच्या आडनावावर घसरायचा. आडनाव कर्बी. मूळ शब्द म्हणे इंग्रजीसुद्धा नव्हे, उत्तरेकडून गलबतं घेऊन आलेल्या डेन लोकांचा. त्यांच्या बोलीत चर्चला कर्क म्हणत आणि वस्तीला बी. ज्या वस्तीत चर्च, ती कर्बी.

"म्हणजे देऊळवाडी की!" मी म्हटलं. "आमच्या रत्नागिरीकडे पावलोपावली सापडेल." तो इतका खूश झाला की ह्यांनी तिथल्या तिथं त्याचं बारसं केलं. देऊळवाडकर!

पण इंग्लंडात कर्बी नावाची गावं पुष्कळ, आणि आपला पूर्वज त्यांतल्या कुठल्या गावचा हे त्याला शोधून सापडत नव्हतं. "गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतो?" तो म्हणायचा. "माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला ते चिकटवतात. माझं आडनाव एवढंच सांगतं, की आमच्यातलं कुणीतरी घर सोडून निघालं होतं." रिटायर झाल्यावर तो एकेका कर्बीत जाऊन चर्चची जुनी थडगी वाचणार होता. मला त्याची गंमत वाटायची. आम्हाला आमचं गाव ठाऊक होतं, कुलदैवत ठाऊक होतं, फक्त तिथं जायला रजा मिळत नव्हती.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं. गोऱ्या लोकांना पकडून ओलीस ठेवू लागले, आणि त्यांना लपवणाऱ्याला फाशी, असं जाहीर झालं. अशात एका दुपारी हे साहेबाला घरी घेऊन आले. मला न विचारता. मी स्वयंपाकघरात नेऊन ह्यांना फैलावर घेतलं.

"मुलं सासूबाईंकडे आहेत, त्यांचा तरी विचार केलात का?"

"अगं, त्याला कुठं सोडू ते तू सांग."

मी एक वाटी जास्तीचे तांदूळ धुवायला घेतले.

युक्ती मात्र माझीच. आमच्या माहेरी निम्मी माणसं घारी-गोरी. माझ्या काकांना शेजारी उभं केलं असतं तर साहेबाचे भाऊ शोभले असते. तेव्हा हा माझा काका, देऊळवाडकर. ह्यांनी आपलं जादा जानवं त्याच्या गळ्यात घातलं, लेंगा दिला. पासपोर्ट कंपनीकडे अडकलाय असं सांगितलं तर कुणाला नवल वाटणार नव्हतं, कारण अर्ध्या कुवेतचे तसेच अडकलेले असत. अडचण एकच. या नव्या काकांना मराठीचा गंध नाही, आणि तोंड तर बंद राहत नाही. म्हणून त्यांना अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली असं ठरवलं.

सप्टेंबरमध्ये झडती झाली. सैनिकानं खाटेकडे बोट दाखवून हा कोण म्हणून विचारलं. ह्यांनी जमेल तेवढ्या अरबीत सांगितलं, हिंदी माणूस, बायकोचा काका, मुका आहे. सैनिकानं त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं, मग माझ्या. माझेही घारेच. तो गेला. मी दाराला कडी घातली.

त्यानंतर साहेब फक्त नळ सोडून, त्याच्या आवाजाआड कुजबुजायचा. विषय तोच. कुठली कर्बी आधी बघायची.

नोव्हेंबरात त्याच्या छातीत दुखायला लागलं. घरी ठेवलं तर जगणार नाही, हे मला दिसत होतं. हॉस्पिटलात सगळीकडे इराकी. ह्यांनी विचारलं, तुम्हीच सांगा साहेब, काय करायचं? त्यानं चपला घातल्या. दारात माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मी मुका आहे, हे माझ्या लक्षात आहे."

वॉर्डात शेजारच्याच खाटेवर जखमी इराकी सैनिक होता. मी ड्यूटी मागून घेतली. डॉक्टर अरबीत विचारत, हिंदीत विचारत, आणि हा नुसतं छातीवर बोट ठेवी. कळ आली की चादर मुठीत धरी. एवढी वेदना होताना माणूस विव्हळतो तरी. आपल्या तोंडातून तेसुद्धा बाहेर पडू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलंच होतं. शेवटच्या सकाळी माझ्याकडे बघून त्याचे ओठ हलले. शेजारचा सैनिक जागा होता. साहेबानं मान हलवली आणि ओठ मिटून घेतले. थोड्या वेळानं त्याचा प्राण गेला. मी धाय मोकलून रडले. पुतणीला रडायला कोण मना करणार?

हिंदूंना जाळायची सोय तिथं नव्हती, म्हणून बिगरमुसलमानांच्या दफनभूमीत त्याला पुरलं आणि वर पाटी लावली, देऊळवाडकर. पुढच्याच महिन्यात इराक्यांनी सगळ्या गोऱ्यांना सोडून दिलं. जिवंत असता तर नाताळाला घरी असता. ती बातमी ऐकल्यावर हे जेवले नाहीत, आणि मी जेवा म्हटलं नाही.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात, युद्ध संपल्यावर, त्याची बायको आली. तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. धुरामुळे भर दुपारी गाडीचे दिवे लावून आम्ही तिला कबरीवर नेलं. ही पाटी त्याचीच, त्याच्याच नावाचं हे मराठी, असं मी तिला समजावलं. पाटी बदलून द्यायची तयारीही दाखवली. तिनं ऐकलं, रुमाल काढून अक्षरांवरची काजळी पुसली.

"शेवटी काय बोलला?" तिनं विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "एक शब्द बोलला असता, तर आम्ही दोघं आज नसतो."

तिनं काळा झालेला रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "तो झोपेतसुद्धा बडबडायचा."