बारावीच्या घरातलं दुखणं

लातुरात माणसानं आजारी कधी पडावं, याचे अलिखित नियम आहेत. जूनमध्ये पडलं तर चालतं. क्लास नुकते सुरू झालेले असतात, कुणीतरी दवाखान्यात डबा आणून देतं. दिवाळीनंतर मात्र पडू नये. आणि ज्या घरात बारावी आहे तिथं तर साधं शिंकूसुद्धा नये. शिवकांताबाई बिराजदारला हे सगळं ठाऊक होतं. तरी २००३ च्या दिवाळीत, नात मंजुश्री बारावीला असताना, आंघोळ करताना तिच्या डाव्या छातीत गाठ लागली. बासष्ट वर्षांच्या बाईला एवढी अक्कल नसावी!

तिचा मुलगा मल्लिकार्जुन भुसाराचा व्यापारी. माणूस वाईट नव्हे, उलट बाजारात शहाणा म्हणून नाव होतं. त्यानं आईला डॉक्टरकडं नेलं, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आणला, दोनदा वाचला आणि कपाटात मंजुश्रीच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांखाली ठेवून दिला. मग आईला आणि बायकोला, महादेवीला, आतल्या खोलीत बसवून दबक्या आवाजात म्हणाला, "कॅन्सर हाय म्हणायलेत. पण गाठ बारकी हाय, अव्वा. आत्ता दवाखाना काढला तर घरात पाव्हण्यांची रीघ लागंल, रडारड होईल. पोरीचं चित्त उडंल. मे महिन्यात सीईटी झाली की दुसऱ्या दिवशी जाऊ. कुठं म्हणशील तिथं जाऊ."

"हाव," शिवकांताबाई म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? पोरगी डॉक्टर व्हायला निघालेली. घरात डॉक्टर तयार होत असताना पेशंटनं जरा दम धरायला नको? गाठीलासुद्धा कुणीतरी जवळ बसवून सांगायला हवं होतं, की बाई गं, फिजिक्सचा पेपर होईस्तोवर वाढू नकोस.

त्या दुपारी शिवकांताबाई नेहमीसारखी वाकळ शिवायला बसली, आणि सुईत दोरा जाईना तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला भ्या वाटायलंय. दहा वर्षांमागं भूकंपात घर अंगावर आलं तेव्हा भ्यायला सवड मिळाली नव्हती. आता मेपर्यंत सवडच सवड होती.

तिच्या दोन मैत्रिणी, आणि दोन्ही भूकंपानं दिलेल्या. भूकंपानं नवरा नेला, घर नेलं, आणि बदल्यात ह्या दोघी दिल्या. सौदा काही बरोबरीचा नव्हता, पण घासाघीस करायला समोर कुणी नव्हतं. पहिली कोंडाबाई, किल्लारीच्या बाजूच्या त्याच गावची. तिनं शिवकांताबाईला दगडमातीतून हाताला धरून ओढून काढलं होतं. दुसरी सौदामिनीबाई, नांदेडच्या मास्तरीण. त्या मदतीचे कपडे भरलेल्या ट्रकमधून आल्या. शहरातल्या लोकांनी मोठ्या मनानं काय काय पाठवलं होतं! सुटाचे कोट, झालरीचे झगे, शाळेचे टाय. शिवकांताबाईनं एक झगा उचलून विचारलं होतं, "बाई, हे घालून आम्ही कुणाच्या वरातीत नाचायचं?" सौदामिनीबाई रागावल्या नाहीत. पदर खोचून ढिगाऱ्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मग ह्याचं काय करता येईल ते सांगा." त्याच ढिगाऱ्यातून तिघींनी वाकळा शिवल्या. कोट खाली, झगे वर, मधे जुनी धोतरं. पत्र्याच्या शेडमधली पोरं त्या थंडीत त्यांच्याखाली झोपली. पुढं मल्लिकार्जुननं लातुरात बस्तान बसवलं, कोंडाबाई शेजारच्या गल्लीत खोली घेऊन राहिली, आणि हदगाव-धर्माबादहून ट्रंका घेऊन शिकायला येणाऱ्या पोरांना वाकळा विकून दोघींचं बरं चाललं. सौदामिनीबाई निवृत्त झाल्यावर महिन्यातून चार दिवस येऊन टाके घालायच्या. त्यांचे टाके वाकडे असत. मास्तरीण असल्यामुळं कुणी बोलत नसे.

ह्या दोघींनाच शिवकांताबाईनं सगळं सांगितलं. कोंडाबाईनं हातातली कात्री आपटली. "मे? मेपर्यंत तू ऱ्हाशील का? दगडाखालनं तुला मी काढलं ते तुझ्या नातीच्या शिटीसाठी मरायला का?"

"सीईटी," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"तेच ते! आग लागो तिला!"

सौदामिनीबाईंनी चष्मा पुसला. चाळीस वर्गांची हजेरी घेतलेली बाई, पळवाटा सगळ्या पाठ. "बारावीच्या घरातून बाईला दवाखान्यासाठी सुट्टी मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "देवासाठी मात्र कुणी अडवत नाही. शिवकांताबाई, तुम्ही काशीला निघालात. नातीच्या मार्कांसाठी."

रिपोर्टाची झेरॉक्स निघाली, मूळ कागद पुन्हा वह्यांखाली गेला. मल्लिकार्जुनला यात्रेचं कळलं तेव्हा त्याचा ऊर भरून आला. आई आजारी असून नातीसाठी काशीला निघाली! आजारी बाईनं एवढा प्रवास करावा का, हा प्रश्न त्याला पडला नाही. दवाखान्याचा प्रवास झेपत नाही, देवाचा झेपतो. त्यानं स्वतः स्टँडवर सोडलं आणि महादेवीनं दशम्या बांधून दिल्या. तिघी एसटीत बसल्या आणि काशीऐवजी सोलापूरला उतरल्या. तिथं वाकळांच्या साठवलेल्या पैशातून ऑपरेशन झालं. सौदामिनीबाईंच्या बहिणीच्या घरी अठरा दिवस काढून शिवकांताबाई परत आली ती एक बाजू सपाट घेऊन, पदर घट्ट लपेटून, आणि सोबत गंगेचा सीलबंद गडू. गंगा सोलापूरच्या बाजारात मिळाली. घरात सगळ्यांनी ती डोळ्यांना लावली. आई वाळली कशी, हात वर का करत नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? त्या घरात डोळे असलेले सगळे मंजुश्रीच्या टेस्ट सिरीजकडं बघत होते. लपवायची एवढी तयारी केली होती बाईनं, आणि कुणाला शोधायचंच नव्हतं. त्याचं तिला रडू आलं, गाठीचं आलं नव्हतं एवढं.

मग दर तीन आठवड्याला सलाईनमधून औषधाचा डोस, आणि दर तीन आठवड्याला नवी यात्रा. सौदामिनीबाईंना त्या गंगेच्या गडव्याचा फार त्रास झाला होता. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारलेल्या. त्यांनी अट घातली, "इथून पुढं निम्मं तरी खरं पाहिजे. ज्या गावाचं नाव सांगायचं, तिथं जायचंच." म्हणून डोस झाला की चार-पाच दिवस बहिणीच्या घरी बादलीशी मैत्री, आणि जरा मान वर करता आली की फिरणं. बसवकल्याण झालं, बदामी झाली. मार्चात सहस्रकुंडाचा धबधबा बघायला नांदेडकडं गेल्या, तर पाण्याचा पत्ता नाही, नुसता काळा खडक. कोंडाबाई त्या खडकावर बसून म्हणाली, "धबधब्याची बी बारावी हाय वाटतं यंदा," आणि शिवकांताबाई इतकी हसली की टाक्यांची जागा दुखली.

विजापूरला गोलघुमटाच्या पायऱ्या ती बसत-उठत दीड तासात चढली. वर सौदामिनीबाई समजावत होत्या, की इथं भिंतीशी हळू बोललं तरी पलीकडं ऐकू जातं. शिवकांताबाई भिंतीला टेकली. कुणाला सांगायचं नव्हतं तिला. तोंडातून निघून गेलं, "मला मरायचं न्हाई." ते घुमटभर फिरलं, पुन्हा पुन्हा फिरलं, आणि पलीकडं उभ्या कोंडाबाईच्या कानापाशी जाऊन पोचलं. कोंडाबाई तिथूनच ओरडली, "मर म्हणून कोन म्हणालंय तुला, गाढवे!" तेही सात वेळा घुमलं. सहलीला आलेली पोरं फिदीफिदी हसली.

केस मात्र घात करून गेले. दुसऱ्या डोसाआधीच पुंजके हातात यायला लागले. सौदामिनीबाईंनी क्षणभर विचार केला आणि सोलापुरातल्याच एका बालाजीच्या देवळापाशी न्हाव्याला बोलावून उरलेले उतरवून घेतले. "बालाजीला दिले म्हणा." झालं! लिंगायताच्या घरातली म्हातारी मुंडण करून आली, तरी कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. बारावीपुढं सगळे देव सारखे. महादेवीनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं. गल्लीत बोलबाला झाला, की बिराजदारांच्या म्हातारीनं नातीच्या नंबरासाठी केस दिले. बायका दर्शनाला यायला लागल्या. एकजण तर म्हणाली, "आज्जी, आमच्या वरदसाठी बी एकदा जाऊन याल का? त्याचं केमिस्ट्री लई कच्चं हाय." शिवकांताबाईनं टक्कल पदरानं झाकत सांगितलं, "आधी ह्यावर उगवू तर दे माय, मग वरदचं बघू."

आणि वाकळ चालूच होती, वॉर्डात डोसाची पाळी येईस्तोवरसुद्धा. पण डॉक्टरांनी ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही अशी ताकीद दिली होती. हात सुजतो म्हणे. वाकळ शिवताना एक हात वर सुई घालतो आणि दुसरा खालून चाचपत ती परत वर लोटतो, आणि खालच्या हाताला टोचतंच. शिवकांताबाईचा खालचा हात डावा, म्हणजे तोच. अंगुस्तान घालते म्हणाली, तरी डॉक्टर ऐकेनात. मग कोंडाबाई समोर बसून स्वतःचा हात वाकळेखाली घालायला लागली. वरून शिवकांताबाईनं सुई खाली सोडायची, खालून कोंडाबाईनं वर लोटायची. दोन बायकांची एक शिवण. टोचलं की कोंडाबाई अशी शिवी हासडायची की वॉर्डातल्या बायका सलाईन लावलेल्या हातानं तोंड झाकायच्या. पुढं पुढं त्या आपापल्या जुन्या साड्यांचे तुकडे आणून द्यायला लागल्या. कुणी लग्नातल्या शालूचा काठ दिला, कुणी नुसतं अस्तर. एकीनं तुकडा दिला आणि पुढच्या डोसाला ती आली नाही. त्या तुकड्याजवळ शिवकांताबाईनं टाके फार बारीक घातले.

मे उजाडला. सीईटी झाली. दुसऱ्याच दिवशी मल्लिकार्जुननं कपाटातून रिपोर्ट काढला. शब्दाचा पक्का माणूस! गाडी ठरवली, सोलापूरचा चांगला दवाखाना शोधला, आणि वाटेत आईचा हात धरून म्हणाला, "भिऊ नको अव्वा, मी हाय."

शिवकांताबाई खिडकीबाहेर बघत राहिली. सहा महिने तिनं ह्या दिवसासाठी टोमणे साठवून ठेवले होते. एकेक घासून, धार लावून. आज पोराला चारचौघांत उभा कापायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कोंडाबाईला तसा शब्दही देऊन आली होती.

दवाखाना तोच निघाला. फाटकातच आयाबाई ओरडली, "अगं बया, शिवकांताअक्का! आज तुमची तारीख कुठंय?" मल्लिकार्जुनला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय. आत डॉक्टरांनी तिला बघून खुर्ची पुढं केली. "काय आजी, केस यायला लागले की! तपासणी पुढच्या महिन्यात आहे ना तुमची?"

मल्लिकार्जुननं रिपोर्ट पुढं केला. त्याचा हात तसाच हवेत राहिला. डॉक्टरांनी रिपोर्टावरची तारीख पाहिली, मग समोरची जाडजूड फाईल उघडली. ऑपरेशन, सहा डोस, सगळं त्यात होतं. "हे तर सगळं पार पडलंय," ते म्हणाले. "आपण कोण?"

"मी... मुलगा."

डॉक्टरांनी पान उलटून पहिल्या फॉर्मवर बोट ठेवलं. "इथं तर 'घरी कोणी नाही' असं लिहिलंय. सही मैत्रिणीची आहे."

मल्लिकार्जुननं ते वाचलं. बाजारात शहाणा म्हणून नाव असलेला तो पंचेचाळीस वर्षांचा माणूस त्या ओळीवरून डोळे काढेना. मग तो तिथंच, डॉक्टरांच्या टेबलाला धरून, लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

शिवकांताबाईनं साठवलेले टोमणे चाचपून बघितले. एकही सापडेना. सहा महिन्यांचा राग होता, खरा होता, अजूनही होता. पण समोर हे असं रडणारं पोर. तिनं चांगला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"खोडा ते, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "पोरगा हाय म्हणून लिवा. बारावी होती त्याची. काल संपली."